फळ धरतं म्हणजे नेमकं काय होतं?

भोपळ्याचा वेल लावणाऱ्याची पहिली तक्रार ठरलेली असते. वेल मांडवभर पसरला, पिवळीधमक फुलंही आली, पण सगळी गळून पडतात, फळ काही धरत नाही. मग कोणी खत वाढवतं, कोणी पाणी तोडतं, कोणी वेलाला वांझ ठरवून मोकळं होतं. मीही एकदा असाच एक चांगला पोसलेला वेल उपटायच्या बेतात होतो. वेलाचं काही चुकलेलं नव्हतं. गळत होती ती नरफुलं होती, आणि काम झालं की नरफुलानं गळायचंच असतं.

फरक ओळखायला फुलाच्या आत डोकवायचीही गरज नाही, फुलाच्या खाली बघा. नरफुलाचा देठ लांब, बारीक आणि सरळ फुलापर्यंत गेलेला असतो. मादीफुलाचा देठ आखूड असतो, आणि देठ व पाकळ्या यांच्यामध्ये गोटीएवढा, हिरवा, लवदार असा एक भोपळाच बसलेला असतो. फूल उमलायच्या आधीपासून तो तिथे असतो. म्हणजे फळ नंतर कुठून तरी येत नाही. ते आधीच आहे, फक्त पुढे वाढायचं की पिवळं पडून गळायचं हे ठरायचं आहे. ‘फळ धरलं’ असं आपण म्हणतो तेव्हा हा निकाल वाढण्याच्या बाजूनं लागलेला असतो.

तो निकाल कशावर लागतो, ते वेलावरच करून बघता येतं. भोपळ्याची फुलं पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. सकाळीच एक नरफूल तोडा, त्याच्या पाकळ्या काढून टाका. मधे पिवळ्या भुकटीनं माखलेला एक दांडा उरतो. तो मादीफुलातल्या चिकट, फुगीर गड्ड्यांवर हलकेच फिरवा. दोन-चार दिवसांत ती गोटी वाढायला लागली तर समजायचं, जमलं. दुधी आणि दोडक्याच्या वेलावर हेच काम तिन्हीसांजेला करायचं, कारण त्यांची फुलं उमलतात ती संध्याकाळी.

ती पिवळी भुकटी आणि ती गोटी यांच्यात काय घडतं, त्याचीच ही गोष्ट.

आधी थोडी नावं उरकून घेऊ. भोपळ्यानं नर आणि मादी वेगवेगळ्या फुलांत ठेवले आहेत. पपईच्या पुष्कळ जातींत तर झाडंच वेगळी असतात, म्हणून नुसतं नर निघालेलं पपईचं झाड वर्षानुवर्षं फुलतं आणि फळाला मोताद राहतं. पण बहुतेक झाडांची फुलं दोन्ही भाग एकत्रच बाळगतात. जास्वंदीचं फूल उभं चिरून बघा. तळाशी हिरवी निदलं, मग पाकळ्या, पाकळ्यांच्या मधून निघालेली लांब नळी. नळीच्या अंगावर बारीक दांड्या आणि प्रत्येकीच्या टोकाला पिवळी पुरचुंडी: हे पुंकेसर, आणि ती पुरचुंडी म्हणजे परागकोश. नळीच्या शेंड्यातून मखमली बोंडं डोकावतात, पाच. ती कुक्षी. कुक्षीपासून एक धागा नळीच्या पोटातून खाली खाली जातो, तो कुक्षीवृंत, आणि तो जिथे पोचतो तो फुलाच्या तळाचा फुगीर भाग म्हणजे अंडाशय. अंडाशय आडवा कापला तर आत साबुदाण्याहून कितीतरी बारीक, पांढुरके मणी दिसतात. ती बीजांडं.

यातली दोनच नावं लक्षात ठेवली तरी पुढचं सगळं समजेल. अंडाशयाचं फळ होतं आणि बीजांडाचं बी होतं. आंब्याच्या अंडाशयात बीजांड एकच असतं, म्हणून एका आंब्यात एक कोय. भोपळ्यात शेकडो असतात. (जास्वंद चिरायला सोपी म्हणून शिकवताना तीच हाताशी धरतात. गंमत म्हणजे बागेतल्या संकरित जास्वंदींना बी क्वचितच धरतं.)

फुलांमध्ये नर-मादी असतात ही गोष्ट खजुराची लागवड करणाऱ्यांना हजारो वर्षांपूर्वीच व्यवहारानं माहीत होती. मेसोपोटेमियात नरझाडाचे तुरे आणून मादीझाडावर झटकत असत. पण ते प्रयोगानं दाखवलं जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या रुडॉल्फ कॅमेरारिअस यांनी, १६९४ साली. एरंडाच्या एकाच तुऱ्यावर नरफुलं आणि मादीफुलं दोन्ही असतात. कॅमेरारिअस यांनी नरफुलं उमलण्याआधीच खुडून टाकली. मादीफुलं तशीच राहिली, पण त्यांत बी काही भरलं नाही. प्रयोग इतका साधा आहे की तो आजही कुणालाही घरी करता येईल. बी मात्र तोंडात घालू नका, एरंडी विषारी असते.

परागकणांना पाय नाहीत आणि झाडाला जागा सोडता येत नाही. त्यामुळे नेणारा कोणीतरी लागतो. जगातल्या फुलझाडांच्या १० जातींपैकी जवळजवळ ९ जाती या कामासाठी प्राण्यांवर, त्यातही मुख्यतः कीटकांवर विसंबतात. उरलेल्या बहुतेक वाऱ्यावर. गवत, भात, गहू, मका यांना वाऱ्याकडून काम करून घ्यायचं असतं, आणि वाऱ्याला रंग दिसत नाही की वास येत नाही. म्हणून त्यांच्या फुलांना आपण फुलं म्हणून ओळखतही नाही. रंग, गंध, मध हा सगळा थाट गिऱ्हाईक डोळ्यांचं आणि जिभेचं असेल तरच. रात्री उमलणारी फुलं पांढरी आणि दरवळणारी का असतात, याचंही उत्तर हेच: अंधारात पतंगाला लाल रंग दाखवून उपयोग काय?

काही फुलांनी मात्र गिऱ्हाईकही निवडून ठेवलं आहे. वांग्याचं फूल घ्या. त्यातले पिवळे परागकोश चिरून उघडत नाहीत. मिठाच्या डबीसारखी टोकाला फक्त बारीक भोकं असतात. भुंगा येतो, परागकोशांना मिठी मारतो आणि पंख न हलवता नुसते छातीचे स्नायू थरथरवतो. जवळ उभं राहिलं तर आवाज एकदम चढलेला ऐकू येतो. त्या थरथरीनं पराग भोकातून भुरभुर बाहेर सांडतात. मधमाशीला ही युक्ती येत नाही. टोमॅटोचंही असंच आहे.

आणि नेणाराच नसेल तर काय होतं, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे व्हॅनिला. ही मूळची मेक्सिकोची वेल, ऑर्किडच्या कुळातली. युरोपीय लोकांनी ती हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर नेली. वेली वाढल्या, फुलल्या, पण शेंगा धरेनात, कारण मेक्सिकोतले कीटक काही बोटीतून आले नव्हते. व्हॅनिलाच्या फुलात पराग आणि कुक्षी यांच्या मधे एक पडदा असतो, त्यामुळे दोन्ही एकाच फुलात असूनही भेट होत नाही. १८४१ साली एडमंड अल्बियस या १२ वर्षांच्या गुलाम मुलानं एक बारीक काडी घेतली, तिनं तो पडदा उचलला आणि अंगठ्यानं पराग कुक्षीवर दाबले. शेंग धरली. आजही जगभरच्या व्हॅनिलाच्या मळ्यांत फुलं एकेक करून हातानं अशीच फळवली जातात. एडमंडला स्वातंत्र्य मिळालं १८४८ साली, बेटावरची गुलामगिरीच संपली तेव्हा. त्याच्या युक्तीवर मळेवाले गब्बर झाले. तो १८८० साली गरिबीतच गेला.

पराग कुक्षीवर पडला की ‘परागण झालं’ असं म्हणतात आणि पुष्कळांची समजूत अशी असते की इथे गोष्ट संपली. खरं तर इथून पुढचा प्रवास जास्त अचंब्याचा आहे, आणि तो बघायला मक्याच्या कणसासारखी दुसरी जागा नाही.

कोवळं कणीस सोलायला घ्या. पानांचे पदर उलगडत गेलं की आत ओलसर, फिकट, रेशमासारखे केस लागतात. एरवी आपण ते मुठीत धरून उपटून टाकतो. या वेळी त्यातला एकच केस चिमटीत धरा आणि न तोडता हळूहळू त्याच्या बुडाकडे जा. तो एका दाण्यावर येऊन थांबतो. दुसरा धरा, तो दुसऱ्या दाण्यावर. जितके दाणे तितके केस, आणि चांगल्या कणसात ते ५०० हून जास्त असतात. प्रत्येक केस म्हणजे एका मादीफुलाची कुक्षी आणि कुक्षीवृंत, दोन्ही एकातच. झाडाच्या शेंड्यावरचा तुरा म्हणजे नरफुलं. तुऱ्यातून पराग झडतो, वाऱ्यावर येतो आणि बाहेर लोंबणाऱ्या केसाला चिकटतो. बीजांड मात्र तिथून २० सेंटीमीटर किंवा त्याहूनही आत, पानांच्या पदरांखाली आहे.

परागकण केसावरचा ओलावा शोषून फुगतो. त्याच्या कवचातून एक नळी फुटते आणि केसाच्या आत शिरते. ही परागनलिका. मक्याचा परागकण जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा असतो. म्हणजे २० सेंटीमीटर हे अंतर त्याच्या आकाराच्या २००० पट झालं, आणि ते तो साधारण एका दिवसात कापतो. नळी फक्त टोकाशी वाढते, मागचा भाग रिकामा होत जातो, आणि टोकाच्या मागोमाग दोन नरपेशी वाहत येतात. शेवाळ्याच्या आणि नेच्याच्या नरपेशींना पोहता येतं, त्यामुळे त्यांना वाट काढायला पाण्याचा थर लागतो. फुलझाडांच्या नरपेशींना पोहणं येत नाही. त्यांना नळीतून दारापर्यंत पोचतं केलं जातं. ही नळी पहिल्यांदा दिसली ती इटलीतल्या जोव्हानी बात्तिस्ता आमिची यांना, त्यांनी स्वतः घडवलेल्या सूक्ष्मदर्शकातून. साल १८२४, आणि फूल होतं घोळीचं, वाटेकडेला उगवणाऱ्या त्याच मांसल पानांच्या घोळीचं.

नळीला दार सापडतं कसं? बीजांडाला एक बारीकसं छिद्र असतं, आणि त्याच्या आत, अंडपेशीच्या शेजारी दोन मदतनीस पेशी बसलेल्या असतात. त्या काही प्रथिनं बाहेर सोडतात आणि नळी त्यांच्या मागावर वळते. टोरेनिया नावाच्या शोभेच्या फुलझाडात हा भाग बीजांडाच्या बाहेर डोकावतो, त्यामुळे तो उघड्यावर बघता येतो. जपानमधल्या नागोया विद्यापीठातले तेत्सुया हिगाशियामा आणि सहकाऱ्यांनी याच झाडात ती प्रथिनं शोधून काढली, २००९ साली.

बोडकं टोक असलेलं कणीस तुम्ही पाहिलंच असेल. कणसाच्या बुडाकडचे केस आधी बाहेर पडतात, टोकाकडचे सगळ्यात शेवटी. तोवर तुरा झडून गेलेला असला किंवा पाण्याचा ताण पडला तर टोकाचे दाणे भरत नाहीत. फलन झालेल्या, म्हणजे नळीतून आलेल्या नरपेशीचं बीजांडातल्या अंडपेशीशी मीलन झालेल्या दाण्याचा केस दोन-तीन दिवसांत बुडाशी सुटतो. न झालेल्याचा चिकटूनच राहतो आणि वाट बघत वाढत जातो. म्हणून तुरा झडून काही दिवस झाल्यावर एखादं कणीस जपून सोलून झटकायचं. जे केस गळतील त्यांचे दाणे भरणार, जे चिकटून राहतील तिथे खळगी राहणार.

आता दाराच्या आत. बीजांडाच्या पोटात भ्रूणकोश नावाची एक इवलीशी खोली असते. बहुतेक फुलझाडांत तिच्यात ७ पेशी असतात आणि ८ केंद्रकं, कारण मधल्या मोठ्या पेशीत केंद्रकं दोन असतात. दाराशी अंडपेशी आणि त्या दोन मदतनीस, मधे ही मोठी पेशी, आणि पलीकडच्या टोकाला तीन पेशी. नळी एका मदतनीस पेशीत घुसते आणि तिथे फुटते. दोन नरपेशी बाहेर पडतात. एक अंडपेशीशी मिळते, त्यातून भ्रूण, म्हणजे पुढचं झाड. दुसरी मात्र मधल्या मोठ्या पेशीत जाऊन तिथल्या दोन केंद्रकांशी मिळते, आणि त्यातून तयार होतो बाळाचा शिधा: भ्रूणपोष. एकाच वेळी दोन मीलनं, म्हणून याला द्विफलन म्हणतात. हे पहिल्यांदा सांगितलं सेर्गेई नवाशिन यांनी, १८९८ साली, कीव्हमध्ये लिलीच्या कुळातल्या फुलांवर काम करताना. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये लिओं गिन्यार यांनीही स्वतंत्रपणे तेच पाहिलं.

शाळेत हे आपण पाठ करतो आणि सोडून देतो, पण जरा थांबून बघितलं तर हा फार शहाणा हिशेब आहे. पाइन किंवा देवदारासारखी, फळ न धरणारी झाडं बीजांडात शिधा आधी भरून ठेवतात. मीलन झालंच नाही तर तो वाया. फुलझाडं शिधा भरायला घेतात ती मीलन झाल्यावरच, आणि त्यासाठीचा संदेश घेऊन येते दुसरी नरपेशी. पोर येणार हे नक्की झाल्याशिवाय चूल पेटत नाही.

यातून एका दाण्यात नात्यांची मोठी मजेदार गुंतागुंत होते. बीजाचं साल हे आईच्या अंगाचं, त्यात बापाचा काही संबंध नाही. भ्रूण आईचा अर्धा, बापाचा अर्धा. आणि भ्रूणपोषात आईचे दोन वाटे आणि बापाचा एक. तो आई नव्हे, पोर नव्हे, भ्रूणाचा एक असा भाऊ म्हणा जो वाढून झाड होणार नाही, फक्त खाऊ घालून संपून जाईल.

हे नुसतं पुस्तकी नाही, डोळ्यांनी दिसतं. पांढऱ्या मक्याच्या शेजारी पिवळा मका लावला तर पांढऱ्याच्या कणसात त्याच हंगामात मधेमधे पिवळे दाणे येतात. कारण दाण्यात आपल्याला दिसतो तो भ्रूणपोष, आणि त्यात बापाचा वाटा आहे. एका कणसातल्या दोन शेजारी दाण्यांचे बाप वेगवेगळी झाडं असू शकतात. भात, गहू, ज्वारी, मका यांचा जो पिठूळ भाग आपण खातो तो बहुतेक सगळा भ्रूणपोषच. पीठ म्हणून आपण दळतो तो एका न जन्मणाऱ्या भावाचा शिधा असतो.

काही बियांत हा शिधा बी पिकण्याआधीच संपतो. एक शेंगदाणा घ्या आणि अंगठ्यानं दाबून दोन भाग करा. त्याआधी तुम्ही टरफल फोडलंत, ते फळाचं आवरण. लालसर पापुद्रा निघाला, ते बीजाचं साल. आता हातात आहेत त्या दोन डाळिंब्या म्हणजे बीजपत्रं, बाळाची पहिली दोन पानं. भ्रूणपोषातलं सगळं खाऊन ती अशी गुबगुबीत झाली आहेत. दोन्हींच्या मधे, टोकाशी जे इवलंसं नाक असतं, भाजलेल्या दाण्यात जे आधी गळून पडतं, ते खरं रोपटं. भिंग असेल तर त्याच्या एका टोकाला घडी घातलेली पानंसुद्धा दिसतात. दुसरं टोक मूळ होणार. भुईमुगाचं आणखी एक वेगळेपण म्हणजे फूल जमिनीवर येतं, पण फलन झालं की अंडाशयाच्या बुडाचा भाग लांबत जातो, जमिनीकडे वळतो आणि मातीत घुसतो. शेतकरी याला ‘आऱ्या सुटल्या’ म्हणतात. शेंग त्या आऱ्याच्या टोकाला, मातीच्या अंधारात भरते.

नारळानं उलटी तऱ्हा केली. नारळाचं पाणी हा भ्रूणपोषच आहे, फक्त द्रवरूप: पेशींच्या भिंती न घालता नुसती केंद्रकं वाढत जातात आणि पाण्यात तरंगत राहतात. मग कडेनं पेशींचा थर बसतो, आधी मलई, मग खोबरं. भ्रूण असतो करंगळीच्या नखाहून लहान, तीन डोळ्यांपैकी मऊ डोळ्याच्या आत. नारळाला मोड आला की आत जो पांढरा, स्पंजासारखा गोळा वाढतो तो त्याच भ्रूणाचं बीजपत्र. तो आतून खोबरं आणि पाणी शोषून वर कोंबाला पुरवतो.

बियांची ही गडबड आत चाललेली असताना बाहेर काय होतं? पाकळ्या, पुंकेसर वाळून गळतात आणि अंडाशयाची भिंत वाढायला लागते. तिला ‘वाढ’ असं सांगतं कोण, याचा छडा फ्रेंच शास्त्रज्ञ झां नीच यांनी १९५० साली स्ट्रॉबेरीवर लावला. स्ट्रॉबेरीच्या अंगावर जे पिवळे दाणे असतात तीच तिची खरी फळं, प्रत्येकात एकेक बी. नीच यांनी कोवळ्या स्ट्रॉबेरीवरचे दाणे टोकरून काढले. तिची वाढ थांबली. काहीच ठेवले, तर तेवढ्याच भागाशी ती फुगली आणि वेडीवाकडी झाली. दाणे काढून त्या जागी ऑक्सिन या संप्रेरकाचं मलम लावलं, तर ती पुन्हा वाढली. म्हणजे फळाला वाढायचा हुकूम बिया देतात. एका बाजूला चेपलेलं सफरचंद हातात आलं तर ते आडवं कापा. चेपलेल्या बाजूच्या कप्प्यात बहुधा बी नसतं किंवा किडकिडीत असतं. तिकडे पराग पोचले नव्हते.

केळ्यानं मात्र हा हुकूम धाब्यावर बसवला. लागवडीच्या केळ्याला परागण न होताच फळ धरतं. केळं कापल्यावर मधे जे काळे ठिपके दिसतात, ती बी होऊ न शकलेली बीजांडं. बिनबियांच्या कलिंगडाचं आणखी वेगळं आहे. त्याच्यात गुणसूत्रांचे संच दोनाऐवजी तीन असतात, त्यामुळे बी नीट तयार होत नाही, पण फळ वाढायला परागाचा धक्का तरी लागतोच. म्हणून त्याच्या मळ्यात साध्या कलिंगडाच्या वेली मधेमधे लावाव्या लागतात.

अंडाशयाचं होतं ते फळ, हा नियम लावला की भेंडी, वांगं, मिरची, काकडी ही सगळी फळंच ठरतात आणि गव्हाचा दाणाही. उलट ज्याला आपण फळ म्हणून खातो ते कधी कधी फळच नसतं. काजूचं रसाळ बोंड हा फुगलेला देठ, खरं फळ खाली लटकणारी बी. सफरचंदाचा गर अंडाशयाभोवतीच्या फुलाच्या बुडाचा. फणस म्हणजे शेकडो फुलांचा एकत्र संसार: प्रत्येक गरा एका फुलाचा, आणि गऱ्यांच्या मधले चिवट तंतू म्हणजे फळू न शकलेली फुलं.

आणि उंबर. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचं फूल झालात’ म्हणतो. फूल दिसत नाही हे खरं, पण ते क्वचित येतं म्हणून नव्हे. कोवळं उंबर फोडलं की आतल्या भिंतीला शेकडो फुलं दाटीवाटीनं लागलेली दिसतात. फूल फळाच्या पोटात आहे. तिथे जायला टोकाला एकच चिंचोळी वाट, आणि तिच्यातून शिरते एक चिलटाएवढी गांधीलमाशी. शिरताना तिचे पंख तुटतात. आत ती पराग पसरवते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या लेकी आतच मोठ्या होतात आणि अंगावर पराग घेऊन बाहेर पडतात, दुसरं कोवळं उंबर शोधायला.

आंब्याच्या मोहोरात हजारो फुलं असतात, त्यांतली बरीचशी नुसती नर. उरलेल्यांतली बहुतेक फळं न धरता किंवा बारीक कैऱ्या होऊन गळतात. १०० फुलांमागे पिकलेला आंबा एकही हाती लागत नाही. झाडाच्या दृष्टीनं यात वाया काही गेलेलं नाही. पोसता येतील तेवढीच ठेवायची, असा तो सरळ हिशेब आहे.

बी तयार होईपर्यंत कैरी हिरवी, आंबट, पानांत लपलेली असते, कारण कच्चं बी कोणी खाल्लं तर सगळं मुसळ केरात. बी पक्कं झालं की तेच फळ रंगतं, गोड होतं, वास सोडतं: आता खा आणि लांब नेऊन टाका. सगळ्यांनाच खाणारा लागतो असं नाही. रुईच्या म्हाताऱ्या वाऱ्यावर जातात, तेरड्याचं बोंड बोट लागताच फुटून बी उडवतं, गोखरू पायाला टोचून फुकट प्रवास करतं.

शेवटी तो प्रश्न, जो आंबा खाऊन झाल्यावर कुणी ना कुणी विचारतंच: इतका गोड कलमी आंबा आहे, याची कोय लावली तर असाच आंबा मिळेल का? उत्तर आता तुम्हीच देऊ शकाल. साल, गर आणि कोयीचं कठीण कवच, तिन्ही अंडाशयाच्या भिंतीची, म्हणजे आईची. शेजारच्या आंबट रायवळ झाडाचा पराग एखाद्या माशीनं आणून टाकला असला तरी गराच्या चवीत फरक पडत नाही. तो पराग गेला आहे कवचाच्या आतल्या बीत. कोय लावलीत तर उगवेल ते पोर, आईचं अर्धं आणि त्या कुठल्याशा रायवळाचं अर्धं. गोडी उतरेल की आंबटपणा, ते पाच-सात वर्षांनी झाड फळाला आल्यावरच कळायचं. म्हणून तर आंब्याची कलमं बांधतात.

यालाही एक पळवाट आहे. आंब्याच्या काही जातींत एकाच कोयीतून तीन-चार रोपं उगवतात. त्यांतली बहुतेक मीलनातून आलेलीच नसतात. बीजांडातल्या आईच्या पेशींतून ती परस्पर तयार झालेली असतात, म्हणजे आईच्या हुबेहूब नकला. मीलनातून आलेलं खरं पोर त्या घोळक्यात असलंच तर बरेचदा सगळ्यात किरकोळ असतं, आणि बाकीच्यांच्या सावलीत चेपून मरतं.